छातीवर साठ किलो आणि हुकमाची वाट

लालबागच्या मासळी बाजारात दर्शना तांडेलच्या पाटीपुढे उभं राहून "बघतो, विचार करतो" असं कुणी म्हटलं, की त्याचा विचार पुरा व्हायच्या आत पापलेट दुसऱ्याच्या पिशवीत गेलेलं असतं. थांबणं हा प्रकार तिच्या अंगातच नाही. सत्तावीस वर्षं ती भाऊच्या धक्क्यावरून माल उचलते. तिथे लिलाव पुकारणारा तोंड उघडतो न उघडतो, तोच हिचा हात वर. आकडा नीट ऐकून मग हात वर करणारीच्या नशिबी उरलेसुरले बोंबील, हे ती माझगावच्या कोळीवाड्यात आईच्या पाठीमागे फिरतानाच शिकली. लग्न होऊन करी रोडच्या चाळीत आली तरी सवय तीच. नवऱ्याचं वाक्य अर्ध्यात असताना हिचं उत्तर तयार, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर.

अशा बाईने छातीवर लोखंड टेकवून परक्या माणसाच्या हुकमाची वाट बघायचा खेळ धरावा, याला काय म्हणायचं? पण धरला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

सुरुवात खांद्यापासून झाली. बर्फाचे टब उचलून उजवा खांदा असा धरला की अंबाडा बांधायला हात मागे जाईना. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तीन तास नंबर लावल्यावर एका कोवळ्या डॉक्टरणीने सांगितलं, "मावशी, वजन उचलणं बंद करा."

"बरं. मग खाऊ काय?"

पोरगी शहाणी होती. रागावली नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग नीट उचलायला शिका तरी."

नीट उचलायला शिकवतात कुठे? करी रोडला समोरच्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर काचेची जिम आहे. पूर्वी तिथे गिरणीची भिंत होती. त्या काचा पुसायला चाळीतल्या बाया जातात, आतला बार धरायला नाही. उरली गल्लीतली जुनी व्यायामशाळा. गिरणी कामगारांनी पदरमोड करून बांधलेली, दारात मारुतीचा फोटो, आत लाल मातीच्या हौद्यावर आता रबराच्या चटया. बाईने कधी उंबरा ओलांडला नव्हता. पाटी कुठे नव्हती, मनाईही कुठे लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच पडली नव्हती, हेच तर खरं दुखणं.

दर्शना एका दुपारी धंदा आटपून, पदर खोचलेला, हाताला कोळंबीचा वास, सरळ आत गेली. आत दत्ताराम पेडणेकर एकटेच बारला तेल लावत बसलेले. बहात्तर वर्षांचे. एके काळी गिरणीच्या साचेखात्यात मागावर होते, गिरणी गेली तशी व्यायामशाळेची किल्ली कमरेला आली. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मालवणी माणूस, बोलायला सुरुवात केली की थांबत नाही आणि नको तेव्हा एक अक्षर काढत नाही.

"काय होया?"

"खांदा दुखतोय."

"मगे बस थंय." त्यांनी बाकड्याकडे बोट दाखवलं. नाव, गाव, जात, नवरा, कमिटीची परवानगी, काहीच विचारलं नाही. दर्शनाच्या मनात मास्तरांसाठी जागा झाली ती त्या क्षणी, आणि मग ती कुणाला दिली नाही.

पुढच्या आठवड्यात ती रूपालीला घेऊन आली. रूपाली हॉस्पिटलात वॉर्डात आया, पेशंट उचलून उचलून कंबर गेलेली. मग तिच्या ओळखीने आणखी दोघी. कमिटीत आरडाओरडा झाला. मास्तरांनी किल्ली टेबलावर आपटली आणि म्हणाले, उद्यापासून तुमीच उघडा. पहाटे पाचला उठून कुलूप उघडायला कमिटीतला एकही मर्द तयार होईना. तेव्हा ठराव झाला: दुपारी दोन ते साडेतीन, महिलांची वेळ. तीन वर्षांत आठ बायका झाल्या.

दर्शनाचा खांदा सहा महिन्यांत सुटला. पण तोवर तिला बेंच प्रेसचं वेड लागलं होतं. बाकड्यावर पाठ टेकायची, बार हातात घ्यायचा, छातीपर्यंत खाली आणायचा, वर ढकलायचा. जोर तिला उपजतच. मास्तर म्हणत, ह्या बायच्या दंडात दोन होड्यांचा वल्हा हा. अडचण जोराची नव्हतीच. अडचण मधल्या एका क्षणाची होती.

स्पर्धेत बार छातीला लागला की तो तिथे स्थिर ठेवायचा. हलता कामा नये. मुख्य पंच "प्रेस" म्हणेल तेव्हाच वर ढकलायचा. क्षणभर आधी हललात की लाल दिवा. पंच तीन, प्रत्येकाचा एक दिवा, आणि दोन पांढरे पडले तरच उचल वैध. हुकूम कधी एका श्वासात येतो, कधी दोन श्वास घेतो, पंचांच्या मनावर. आणि तो क्षण, दर्शनाच्या शब्दांत, "बाळंतपणापेक्षा लांब."

मास्तरांनी यावर उपाय काढला. तिच्या छातीवर चाळीस किलो आले की ते डोक्याशी उभे राहून गावच्या गोष्टी सुरू करत.

"परवाच्या शिमग्याक मी गावाक गेललंय. थंय आमचो चुलत भाव..."

"मास्तर!"

"गप रव. हुकूम येईसर हात हलवचो नाय. तर चुलत भाव माका म्हणता..." आणि मधेच, वाक्य तोडून, जोरात, "दाब!"

दर्शना दाबायची. कधी "परवाच्या" या शब्दावरच हुकूम यायचा, कधी चुलत भावाच्या म्हशीपर्यंत गोष्ट जायची. बाकीच्या बायका हसून लोळायच्या. पण हळूहळू तिला जमलं. मास्तरांचा आवाज कानात पडेपर्यंत तिचे हात दगडासारखे राहू लागले. रूपालीने एकदा मुद्दाम "दाब!" म्हणून पाहिलं, दर्शना हलली नाही. मास्तर खूश झाले. कुणालाच तेव्हा सुचलं नाही की यातच पुढचा घोटाळा शिजतो आहे.

वॉर्मअपची शिस्तही त्यांचीच. आधी सायकलची जुनी ट्यूब दोन्ही हातांत ताणून खांदे सोडवायचे. मग रिकामा बार, वीस किलो, पंधरा वेळा, सावकाश. मग तीस आठ वेळा, चाळीस पाच वेळा, पन्नास दोन वेळा, पंचावन्न एकदा. एकदाच. वॉर्मअपमध्ये मर्दुमकी दाखवायची नाही. शेवटच्या वॉर्मअपनंतर साधारण बारा-पंधरा मिनिटांनी तुमचं नाव पुकारलं गेलं पाहिजे. त्याच्या आत झालं तर दमलेल्या हाताने जाल, फार उशीर झाला तर थंड पडाल. "तव्यासारख्या हा," मास्तर सांगत. "तापलो म्हणान लगेच पोळी टाकूक नको, आणि थंड तव्यारय नको."

आता हे गणित जिल्ह्याच्या स्पर्धेत कसं चालतं? नाही चालत. कारण आपल्याकडे स्पर्धेत आणि खेळाडूत एक प्रमुख पाहुणा असतो. तो दहाला येणार म्हणून साडेअकराला येतो, आणि आला की बार, पंच, घड्याळ सगळं जागच्या जागी थांबतं आणि शाली निघतात.

मागच्या वर्षी दर्शनाचं नेमकं तेच झालं. पंचावन्नचा शेवटचा वॉर्मअप झाला, आणि स्वागताचं काम अंगावर घेतलेले व्यायामशाळेचे चिटणीस हितेंद्र धावत आले. "दर्शनाताई, दोन मिनिटं ताट धरा हो. पाहुण्यांना ओवाळायचंय, इथे आपल्यातल्या बाई तुम्हीच." ती पहिलीच स्पर्धा, मोठी माणसं, तिला नाही म्हणवलं नाही. मनगटाचे पट्टे सोडून, सिंगलेटवर, म्हणजे स्पर्धेच्या घट्ट पोशाखावर, ओढणी घेऊन ती चाळीस मिनिटं स्टेजच्या पायरीशी निरांजन विझू न देता उभी राहिली. नंतर बारखाली गेली तेव्हा खांदे गोठलेले, डोकं भडकलेलं. तिन्ही वेळा हुकमाआधी हात सुटला. नऊ लाल दिवे. निकालात नावापुढे शून्यसुद्धा नाही, एक आडवी रेघ.

आणि ती रेघ कमिटीने धरून ठेवली. यंदाच्या बैठकीत हितेंद्रने विषय काढला. हितेंद्र वाईट माणूस नव्हे. पोटात पाप नाही, पण पाठीला कणाही नाही, शेवटी बोलेल त्याच्या बाजूचा. दुपारच्या वेळी जुन्या सभासदांना कॅरम खेळायला जागा हवी होती. "स्पर्धेत काही दिसत नाही, मग महिलांच्या वेळेचा उपयोग काय, असं सभासद विचारतात, ताई."

"कॅरमवाले कुठे ऑलिंपिकला निघालेत?" दर्शनाने विचारलं.

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं: यंदाच्या जिल्हा स्पर्धेत महिलांच्या वेळेतल्या कुणीही एक उचल वैध करून दाखवायची. झाली तर वेळ राहील. नाही झाली तर एक तारखेपासून कॅरम. दर्शनाने ते रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आणि खाली सह्या घेतल्या. लिहून घेतल्याशिवाय ती बर्फवाल्यावरही विश्वास ठेवत नाही. आठपैकी बाकीच्या सात जणी स्पर्धेच्या नावाने अजून लाजत होत्या. म्हणजे सगळं हिच्यावर.

स्पर्धा रविवारी, दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. सकाळी वजन झालं. चौऱ्याहत्तर किलो. पहिल्या उचलीचं वजन चिठ्ठीवर लिहून द्यायचं असतं. मास्तरांनी पंचावन्न सांगितलं होतं. "एक वैध होया ना? मगे सोप्यासून सुरू कर." दर्शनाने पेन घेतलं आणि साठ लिहिलं.

"गो, काय केलंस ह्या?"

"साठ उचलते मी. रोज उचलते. पंचावन्नने कॅरमवाले गप बसतील?"

"एकदा स्टेजवर गेलंस की आकडो खाली येणा नाय, म्हायत आसा ना?"

"म्हायत हाय."

मास्तरांनी टोपी काढून डोकं पुसलं, झालं.

स्टेजमागच्या खोलीत एकच बाकडं आणि अकरा बायका. कॉलेजातल्या पोरी होत्या, एक पोलिसातली होती, माहीमची एक शिक्षिका होती. आरशासमोर गर्दी. दर्शना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ट्यूब ताणत बसली. बाजारात शंभर आवाज एकदम ऐकणारी बाई, पण आज तिने कान मिटायचं ठरवलं होतं. मास्तरांनी शिकवलेल्या तीनच गोष्टी डोक्यात: पाय जमिनीत, पाठ बाकड्यात, कान पंचांत. अंबाडा तिने रूपालीकडून टाळूवर बांधून घेतला, नाहीतर डोकं बाकड्यावर नीट टेकत नाही. वेणी घरी काढून ठेवली होती. बिनफुलांचं डोकं तिला उघडं उघडं वाटत होतं.

वीस झाले. तीस झाले. चाळीस. पन्नासच्या प्लेट चढल्या आणि बाहेर ताशा वाजला.

हितेंद्र दारात. घामाघूम. हातात ताट, ताटात निरांजन, सुपारी, कुंकू. "ताई, पाहुणे आले. दोनच मिनिटं."

 पोलिसातल्या बाईने हळूच स्वतःचे पट्टे घट्ट केले, म्हणजे नजर चुकवली.

दर्शना बाकड्यावर आडवी होती. हात बारवर. उठली नाही. छताकडे बघूनच म्हणाली, "हितूभाऊ, मागच्या वर्षीची दोन मिनिटं अजून संपली नाय."

"अहो पण ओळखीच्या बायका कुठून आणू? हॉलमध्ये सगळे पुरुष."

"मग पुरुषांनी ओवाळावं. हाताला काय निरांजन चावतं?"

"असं कसं दिसेल, ताई? पद्धत असते एक."

"मी खाली पन्नास घेऊन पडलेय आणि तू मला पद्धत सांगतोस? खेळायला आलेय की हळदीकुंकवाला?"

हितेंद्र रूपालीकडे वळला. रूपाली प्लेटा लावत होती, तिने दोन्ही हात वर करून तेलाचे डाग दाखवले. तो रडायच्या बेताला आला. तेव्हा मास्तर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी ताटासाठी हात पुढे केला.

"हाड. ताट हाड हय."

"मास्तर, तुम्ही?"

"कित्याक? आवस वारली तेव्हासून घरातली देवपूजा मीच करतंय. माका ओवाळूक येता."

आणि बहात्तर वर्षांचे दत्ताराम पेडणेकर, पांढरी अर्धी विजार, बनियनवर शर्ट, डोक्याला टोपी, निरांजनाचं ताट घेऊन बाहेर गेले. हॉलमध्ये हसण्याचा असा फवारा उडाला की माइक शिट्टी मारू लागला. पाहुण्याने मान खाली घातली की नाही कोण जाणे, पण कपाळ पुढे केलं. मास्तरांनी कुंकू लावलं, तीनदा ओवाळलं, अक्षता डोक्यावर टाकल्या. अगदी सगळं रीतसर.

आत दर्शनाने पन्नास दोनदा केले. मग थांबली. मास्तर नसले तरी हिशेब तिला पाठ होता. पाहुणा बोलेल किती, शाली किती, हे तिने दाराच्या फटीतून रूपालीला बघायला सांगितलं. "अकरा शाली आहेत गं," रूपालीने येऊन सांगितलं. "आणि भाषणाचे कागद चार." मग तिने अंगावर चादर घेतली, ट्यूब हलके हलके ताणत राहिली, आणि नवव्या शालीला पंचावन्न एकदा मारला. तवा बरोबर तापला.

भानगड वेगळीच झाली. ओवाळून मोकळे होतील म्हटलेले मास्तर मोकळे झालेच नाहीत. संयोजकांना त्यांचं कौतुक वाटलं आणि अकरावी शाल त्यांनाच घातली, वर स्टेजवर पाहुण्याशेजारी बसवलं. स्पर्धा सुरू झाली. दर्शनाचं नाव पुकारलं तेव्हा मास्तर शाल पांघरून समोर अडकलेले, आणि ती एकटी.

ती गेली. पाय, पाठ. बार खाली आणला, छातीला लावला. हॉल गप. डोक्याशी कुणी शिमग्याची गोष्ट सांगत नव्हतं. ती शांतता तिला सहन झाली नाही. लिलावात एवढी शांतता पडली की समजायचं, माल गेला. हात सुटले. साठ किलो असे वर गेले जसे काही काड्याच. टाळ्या पडल्या. आणि तीन लाल दिवे लागले.

ती उतरली तेव्हा मास्तर शाल काढून धावत आलेले होते. "जोर आसा गो. नुसतो थांब. आता मी हंय उभो रवतंय, तुज्या डोळ्यासमोर. भिया नको."

भिण्याची गोष्टच नव्हती, पण ते समोर आहेत म्हटल्यावर तिला बरं वाटलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा साठ. बार छातीला टेकला. या वेळी तिचे हात स्थिर राहिले, अगदी दगड. एक श्वास. पंच बाई बघत होती. मास्तरही बघत होते. तीन वर्षं रोज दुपारी जे तोंडातून आलं, ते त्यांच्या नकळत आलं.

"दाब!"

दर्शनाने दाबला.

पंचांचं तोंड अजून उघडायचं होतं. तीन लाल.

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. त्या दोघांना कळलं. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. टोपी हातात. "माज्यामुळां गेला," ते म्हणाले. "माज्या तोंडाक आग लागो. आठ बायांची वेळ माज्या तोंडान घालवलय."

दर्शना त्यांच्यासमोर उकिडवी बसली. राग यायला हवा होता, एरवी कुणाचाही बाप काढला असता तिने. पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर, ओवाळताना हाताला लागून तिथे आलेलं, कुंकू होतं, आणि खांद्यावर अक्षतांचे दाणे. तिने पदर नव्हता म्हणून हाताच्या पट्ट्याने ते पुसलं.

"मास्तर, मी तुमचं ऐकलं. त्यात चूक काय? बरोबर ऐकलं."

"आता?"

"आता तुम्ही भायेर जा."

"खय?"

"दाराच्या भायेर. जिन्यावर. तुमचा आवाज आला की मी दाबणार, काय वाट्टेल ते होवो. म्हणून तुम्ही नकोच इथे."

मास्तर उठले. टोपी डोक्यावर घालून गेले. दार लागल्याचा आवाज तिने ऐकला आणि मगच खुर्चीवर बसली. रूपालीने तिच्या खांद्यांवर चादर टाकली, दंड चोळले. आठच मिनिटं होती. हितेंद्र लांब उभा होता, कागदावर बघत असल्यासारखं करत.

दर्शना डोळे मिटून बसली. पाय, पाठ, कान. कान. अडतं ते तिथेच. धक्क्यावर पाच जण लिलाव पुकारतात. पाचांचे आवाज तिला पाठमोरं उभं राहूनही ओळखता येतात. कोण कुठे श्वास घेतो, कोण आकडा ओढतो, सगळं. आवाज ओळखीचा म्हणूनच हात बरोबर वेळी वर जातो. नवीन माणूस पुकारायला आला तर पहिले दोन दिवस ती नुसती ऐकते, बोली लावतच नाही. मास्तरांचा आवाज ओळखीचा, म्हणून त्यांच्यासाठी थांबता आलं. आणि ही पंच बाई? ठाण्याहून आलेली, केस आखूड, चष्मा. सकाळपासून दर्शनाने तिचा आवाज नीट ऐकलाच नव्हता. कान मिटून बसली होती ना, शहाणी.

"दर्शना तांडेल. तिसरी आणि शेवटची उचल. साठ किलो."

माइकवर सांगितलं, बार तयार. समोर घड्याळात एक मिनिट उलटं पळू लागलं. दर्शना बाकड्याशी गेली, पण आडवी झाली नाही. सरळ वळली.

"बाई, तुमचा आवाज एकदा ऐकवा."

पंच बाईने चष्म्यावरून बघितलं. "काय?"

"हुकूम कसा देता तो. एकदाच. ओळख नाय तुमची-माझी. ओळख नसली की मला थांबता येत नाय."

हॉलमध्ये कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाजूच्या पंचाने घड्याळाकडे बोट दाखवलं. पन्नास सेकंद.  नियमात असं करा असं नव्हतं, करू नका असंही नव्हतं. मग पंच बाई म्हणाली, गळा बसलेला, आवाज बारीक, शेवटी थोडा वर चढणारा:

"प्रेस."

"आणखी एकदा?"

"प्रेस. आता झोपा, बाई, वेळ जातोय."

दर्शना आडवी झाली. पाय जमिनीत रोवले. खांद्यांची पाती मागे आवळली. टाळूवरचा अंबाडा बाकड्याच्या वर, डोकं सपाट. मागे उभ्या दोघांनी बार उचलून हातात दिला. पंच बाईने सुरुवातीचा हुकूम दिला. तोच आवाज. गळा बसलेला. ओळखला.

बार खाली आला. छातीला टेकला. थांबला.

हॉल परत गप झाला. पण आता ती शांतता रिकामी नव्हती, तिच्या पलीकडे एक माणूस होतं. दर्शना त्या माणसाच्या श्वासाची वाट बघत होती. कुठल्यातरी खुर्चीचा पाय कुरकुरला, ती हलली नाही. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, ती हलली नाही. बारचं वजन बरगड्यांत उतरू लागलं. उजवा खांदा, तोच जुना, कुठेतरी आत बारीक ओरडला. बाईने श्वास घेतला. ती आता बोलणार, हे दर्शनाला कळलं. धक्क्यावर नेमक्या याच घटकेला तिचा हात वर जातो. तिने दात आवळले. नाही गेला.

"प्रेस."

बार चढला. निम्म्यावर अडकला. थंड पडली होती थोडी, दोन उचली अंगात होत्या, वर ती वाट. डावा पाय किंचित सरकला. रूपाली किंचाळली, काय किंचाळली ते तिलाही आठवत नाही. मग बार हळूहळू, कुरकुरत, एखादा जड टब टेम्पोवर चढावा तसा वर गेला आणि कोपर सरळ झाले. बार जागेवर ठेवायचा हुकूम, "रॅक", ऐकेपर्यंत तिने तो तसाच धरून ठेवला, आणखी थोडा धरायला सांगितला असता तरी धरला असता.

दिवे लागले. एक लाल, पायाचा. दोन पांढरे.

दर्शना उठून बसली आणि पहिल्यांदा ओरडली ती दाराकडे तोंड करून. "मास्तर! आता या आत!"

मास्तर आत आले ते तोंडावर रुमाल बांधून. जिन्यातसुद्धा आवाज निघू नये म्हणून बांधला होता म्हणे. दोन पांढरे दिवे अजून फळ्यावर होते. त्यांनी ते बघितले, रुमाल न सोडताच रडले, आणि दर्शनाने त्यांना खांद्याशी धरून उभं केलं, जसं काही तेच साठ किलो उचलून आले होते.

गटात ती सहांत पाचवी आली. पोलिसातल्या बाईने पंचाऐंशी मारले. पदक नाही, प्रमाणपत्र मिळालं, त्यावर तिचं आडनाव चुकवलेलं. ते तिने तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.

हितेंद्र आला. खरंच खूश होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ताई, मानलं तुम्हाला. ठरल्याप्रमाणे. वेळ कायम. दोन ते साडेतीन."

दर्शना मनगटाचे पट्टे गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "पाच."

"काय पाच?"

"पाच वाजेपर्यंत. आठ जणी आहोत, बाकडं एक. वॉर्मअपलाच तास जातो. आज बघितलंस ना काय लागतं ते."

"ताई, ठरावात साडेतीन आहे."

"ठरावात ओवाळणं पण नव्हतं. पाच."

"चार. चार करू. कमिटीला सांगतो मी."

"तीनला रूपालीची ड्युटी सुटून ती पोचते कशीबशी. पावणेपाच."

"अहो सवाचार..."

"हितूभाऊ, मी सौदा सोडून उठून गेले तर पाचच राहतील."

"साडेचार," हितेंद्र म्हणाला आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकला.

"साडेचार. झालं. टाक ग्रुपवर, माझ्यासमोर टाक."

त्याने व्यायामशाळेच्या ग्रुपवर लिहिलं: महिलांची वेळ दुपारी २ ते ४.३०, कायम. दर्शनाने फोन हातात घेऊन वाचलं, मग रूपालीला वाचायला दिलं, मग मास्तरांना. मास्तरांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली. कॅरमवाल्यांपैकी एकाने लगेच रडका चेहरा पाठवला. दर्शनाने स्वतःच्या फोनवरून त्याला उत्तर दिलं: "सकाळी या की. मास्तर पाचला उघडतात."